अकरा दिवसांची बैठक

बंगळूरच्या चिकपेटेतल्या घाऊक साड्यांच्या दुकानात तीस वर्षे घड्या घालून निवृत्त झालेल्या माणसाला भेटायला कोणी पत्ता शोधत येईल, असे व्यंकोजींना कधी वाटले नव्हते. म्हणून एका रविवारी सकाळी शेजारच्या शकुंतलाबाईंनी जिन्यावरून हाक मारली तेव्हा ते जागचे हलले नाहीत.

"व्यंकोजीअण्णा, एक मुलगी तुम्हाला विचारतीय. मराठी बोलते, पण आपली नव्हे. पुण्याची."

मुलीचे नाव मनस्विनी. बेळ्ळंदूरच्या एका कचेरीत ती नोकरीला होती, कोरमंगलात भाड्याच्या खोलीत राहत होती आणि सुटीच्या दिवशी मित्रांच्या मदतीने जुने चित्रपट दाखवत होती. जिना चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. तरी ती बसायच्या आधीच बोलू लागली.

"काका, तुम्हीच ना ते? टायटल्समध्ये एका ओळीत नाव आहे. 'चित्रे : व्यंकोजी, चिकपेट.' बाकी काही नाही. चार दुकानांत विचारलं, पाचव्या दुकानात म्हणाले, घड्या घालणारे व्यंकोजी का? मी म्हटलं, नाही हो, पेंटर. तर ते म्हणाले, आमच्याकडं एकच व्यंकोजी आहे."

ती ज्याच्याबद्दल बोलत होती तो कन्नड चित्रपट चाळीस वर्षांपूर्वीचा होता आणि त्याचे नाव या घरात कोणी घेत नसे. घ्यायची वेळ आलीच तर 'तो सिनेमा' एवढेच म्हणत. दोन चित्रकार मित्र बसवनगुडीत एका खोलीत राहतात, वरच्या मजल्यावर मूर्ती घडवणारी एक तरुणी राहायला येते, आणि दोघेही तिच्यावर जीव टाकू लागतात, अशी ती हसतखेळत पुढे जाणारी गोष्ट. गावात ती पंचवीस आठवडे चालली होती आणि अजूनही लोक तिच्यातले संवाद एकमेकांना ऐकवत.

"नवीन प्रिंट आलीय, काका. पुढच्या रविवारी दुपारी तीनला दाखवतोय आम्ही. तुम्ही यायचं, चीफ गेस्ट म्हणून. आणि ते पेंटिंग आहे ना, ते..." तिने फोन पुढे केला. त्यावर चित्रपटातला विनोदी नायक हातात एक सोनेरी चौकट धरून उभा होता. व्यंकोजींनी आपला तळवा त्या फोनवर ठेवला आणि तो हळूच खाली दाबला. आतून सकवारबाई कॉफीचे पेले घेऊन बाहेर येत होत्या.

"कसला सिनेमा?" त्यांनी विचारले.

"काकू, तोच! कापलेले सगळे सीन परत जोडलेत. पूर्ण पिक्चर पहिल्यांदाच दिसणार."

सकवारबाईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "कापलेलं सगळं?"

"सगळं."

"मग आम्ही येणार," सकवारबाई म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी असे परस्पर काही ठरवले नव्हते.

हा आनंद का, आणि त्या आनंदाने व्यंकोजी का धास्तावले, हे समजण्यासाठी या घराची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर निशाणे आणि कनाती रंगवायला इकडे आले, असे घरात सांगत. फौज गेली, रंग राहिले. पुढच्या पिढ्या लाकडी पाटीवर देवादिकांची चित्रे करू लागल्या. सफेद्याच्या लेपाचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि चेहऱ्यासाठी सुईने टोचलेला कागदाचा खाका. खाक्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवली की खालच्या पाटीवर ठिपक्यांचा चेहरा उमटे; मग रेघ ओढायची. चित्र देवाचे असो की माणसाचे, पुरे होईतो ते झाकून ठेवायचे. डोळे सर्वांत शेवटी, मुहूर्त पाहून आणि समोर निरांजन लावून काढायचे. आणि ज्याचे चित्र असेल त्याने चित्राचे डोळे उघडेपर्यंत ते पाहायचे नाही.

लग्न होऊन वर्ष झाले तेव्हा व्यंकोजींनी सकवारबाईंचे चित्र काढायला घेतले. त्या घराण्यात कोणी आपल्या बायकोचे चित्र काढल्याचे कोणाला आठवत नव्हते. सासूबाई आठ दिवस धुसफुसत होत्या. सकवारबाई रोज दुपारी, भांडी आवरल्यावर, लग्नातली हिरवी साडी नेसून खिडकीशी बसत. अकरा दिवस. मान अवघडली तरी हलत नसत. पाटीच्या त्या बाजूला काय चालले आहे, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. दंडक माहीत होता, शिवाय, त्यांनीच पुढे एकदा शकुंतलाबाईंना सांगितले होते, "तेवढा वेळ एक माणूस माझ्याकडंच बघत बसलंय, हेच पुष्कळ होतं की."

डोळे काढायचे बाकी असतानाच सिनेमावाले आले. व्यंकोजी तेव्हा त्या चित्रपटासाठी चित्रे पुरवत होते. नायकाची चित्रे सहज झाली. अडचण दुसऱ्याची, त्या विनोदी नायकाची होती, ज्याला ती तरुणी शेवटी नाकारते. त्याची चित्रे हसू येईल इतकी वाईट हवी होती. व्यंकोजींनी मुद्दाम वाईट काढून पाहिली, पण मुद्दाम वाईट काढलेले चित्र नुसते वाईट दिसते. त्याला कोणी हसत नाही. दिग्दर्शक वैतागून घरी आला, भिंतीशी टेकवलेली पाटी त्याला दिसली, त्याने वरचे कापड उचलले आणि बराच वेळ तो पाहत राहिला.

"हेच," तो म्हणाला. "शेवटच्या प्रदर्शनाच्या प्रसंगात हेच लागेल."

शेवटचा प्रसंग म्हणजे नायकाचे चित्र, असे व्यंकोजींनी गृहीत धरले. दिग्दर्शकाने तसे सांगितले नव्हते, आणि तसे नाही हेही सांगितले नाही. त्या वेळी एक प्रश्न विचारला असता तर पुढचे बरेच काही टळले असते; पण सन्मान होतो आहे असे वाटत असताना माणूस प्रश्न विचारत नाही. पाटी बाहेर नेली जात असताना सकवारबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, कापड सरकलेले पाहिले आणि चटकन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, रीत मोडू नये म्हणून. डोळे व्यंकोजींनी चित्रीकरणाच्या जागी, चहाच्या पेल्यांनी भरलेल्या मेजावर काढले. निरांजन नव्हते.

चित्रपट लागला तेव्हा सकवारबाईंना, आता परगावी असलेल्या मुलाच्या वेळचा, सातवा महिना होता. "गर्दी असेल, आधी मी बघून येतो," असे म्हणून व्यंकोजी एकटे गेले. प्रदर्शनाच्या प्रसंगी विनोदी नायकाने कापड ओढले आणि पडद्यावर ते चित्र आले. तरुणी विचारते, "ही मी?" तो म्हणतो, "तू नाहीस. पण तू अशी दिसायला लागलीस तरी मी प्रेम करीन!" सबंध थिएटर गदगदा हसले. शेजारचा एक माणूस हसता हसता व्यंकोजींच्या मांडीवर थाप मारून गेला.

घरी येऊन ते म्हणाले, "आपलं कापलं. रीळ लांब झालं म्हणे."

"सरी, बरं," सकवारबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पाटी तरी देतील का परत?" ती कधीच आली नाही.

त्या दिवसानंतर व्यंकोजींनी कुंचला धरला नाही. खाका गुंडाळून पत्र्याच्या नळीत गेला, नळी माळ्यावर गेली, आणि ते साड्यांच्या दुकानात लागले. आधी त्यांनी कौतुकाने साऱ्या नातेवाइकांना सांगून ठेवले होते की आमच्या हिचे चित्र सिनेमात येणार. सिनेमा लागल्यावर एकाही नातेवाइकाने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. ते मौन व्यंकोजींनी दयेचे मानले. दया सोसवेना म्हणून लग्नकार्यांना जाणे सोडले, सकवारबाई एकट्या जात आणि विचारणाऱ्याला सांगत, "त्यांना गर्दी सोसत नाही." टीव्हीवर तो सिनेमा लागला की व्यंकोजी उठून दुसरे काही लावत. त्याही आग्रह धरत नसत. जे आपले होते तेच त्यात नाही, मग बघायचे कशाला?

असे बेचाळीस वर्षांच्या संसारातली चाळीस वर्षे त्यांनी बायकोला एका अपमानापासून वाचवले होते. वाचवले, असा त्यांचा स्वतःशी हिशेब होता. आपण सहन करतो आहोत या जाणिवेत एक प्रकारची प्रतिष्ठा असते, आणि ज्याच्याकडे दुसरी प्रतिष्ठा उरलेली नाही तो तिला घट्ट धरून बसतो. आता एका आठवड्यात ते सारे उघडे पडणार होते.

सोमवारी त्यांनी सांगायचे ठरवले. सकवारबाई ट्रंकेतून ती हिरवी साडी काढून उन्हात पसरत होत्या. "काठाची जर काळी पडलीय स्वल्प," त्या म्हणाल्या, "पण ओळखू येईल. चित्रात हीच आहे ना?" ते हो म्हणाले. बुधवारी पुन्हा ठरवले. तेव्हा शकुंतलाबाई येऊन बसल्या होत्या.

"काय अक्का, हिरोईन होणार म्हणे."

"गप गं. चित्रात आहे मी, सिनेमात नव्हे."

"काय फरक? बोलायचं काम नाही, पाठांतर नाही. तुझ्यासारखीला बरं."

सकवारबाई लाजल्या. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस असा लाजतो तेव्हा त्याच्याकडे पाहायला धैर्य लागते. व्यंकोजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. शनिवारी ते म्हणाले, "मला बरं वाटत नाही, उद्या नको जाऊया."

"तुम्ही झोपा मग. मी जाते त्या मुलीबरोबर."

रविवारी दुपारी व्यंकोजींनी धुतलेला सदरा चढवला.

कोरमंगलातल्या एका कॉफीच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, पन्नाससाठ खुर्च्या मांडल्या होत्या. सगळी तरुण मुले. मनस्विनीने दोघांना पहिल्या रांगेत बसवले आणि सकवारबाईंच्या साडीचा पदर हातात घेऊन म्हणाली, "काकू, काय साडी आहे! व्हिंटेज!"

"लग्नातली आहे," सकवारबाई म्हणाल्या. "पुढं दिसेलच तुला."

दिवे मालवले. चित्रपट चांगला होता; व्यंकोजींना हे प्रथमच जाणवले, कारण पहिल्या वेळी त्यांनी शेवटाखेरीज काही लक्षात ठेवले नव्हते. दोन मित्र एकच चांगला सदरा आळीपाळीने घालून त्या तरुणीला भेटायला जातात तेव्हा सकवारबाई मोकळेपणी हसल्या. प्रत्येक चित्र पडद्यावर आले की त्या पुढे झुकत आणि पुन्हा मागे टेकत. व्यंकोजी पडद्याकडे पाहत नव्हते. अंधारात शेजारचा चेहरा पाहत होते आणि मिनिटे मोजत होते.

प्रदर्शनाचा प्रसंग आला. विनोदी नायकाने कापड ओढले. पडद्यावर साडी कुठे दिसलीच नाही, सोन्याच्या वर्खात नुसता चेहरा भरला होता: कानापर्यंत गेलेले डोळे, धनुष्यासारख्या दोन सारख्या भुवया, ओठ मिटलेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, फोन वर केले. "ही मी?" तरुणीने विचारले. आणि मग तो संवाद, जो अर्ध्या सभागृहाने त्याच्याबरोबर म्हटला.

सकवारबाई हसत होत्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईतो. त्या व्यंकोजींकडे वाकल्या आणि कुजबुजल्या, "काय बाहुली रंगवलीय हो! जत्रेतली. हेही तुम्हीच काढलं होतं?"

व्यंकोजींनी मान डोलावली.

"मुद्दाम वाईट काढायला सांगितलं होतं ना? जमलंय की."

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या, आणि त्यांचा चेहरा पुन्हा वाट पाहू लागला.

व्यंकोजींनी आता पडद्याकडे पाहिले. चित्र अजून तिथे होते. चाळीस वर्षे ते त्यांनी बायकोचा चेहरा म्हणून मनात जपले होते, आणि आता पहिल्यांदा त्यांना दिसले की तो खाक्याचा चेहरा आहे. आजोबांनी टोचलेला, त्याच ठिपक्यांवरून त्यांनी लक्ष्मी काढली होती, पार्वती काढली होती, एका सराफाची मेलेली आईही काढली होती. वडील शिकवताना म्हणत, चेहरा बघून काढायचा नसतो, बघितलं की हात चुकतो. समोर बसलेल्या बाईकडे त्यांनी अकरा दिवस पाहिले ते साडीचा हिरवा रंग नेमका मिळावा म्हणून, निऱ्या मोजाव्यात म्हणून. आणि तिच्याकडे पाहून तिचे चित्र काढतो आहोत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. नातेवाईक गप्प राहिले ते दयेने नव्हे. त्यांनी ओळखलेच नव्हते. ओळखण्यासारखे त्यात काही नव्हते.

जिला वाचवले तिचा अपमान झालाच नव्हता. जो अन्याय झाला होता तो थिएटरात झाला नव्हता; तो घरात, खिडकीशी, रोज दुपारी झाला होता.

चित्रपट संपला. नायकाचे चित्र आले, तरुणी रडली, दिवे लागले. सकवारबाई पडद्याकडे पाहतच राहिल्या, शेवटची नावे संपून पडदा पांढरा होईपर्यंत. मनस्विनीने व्यंकोजींना पुढे बोलावले. मागच्या रांगेतल्या एका मुलाने इंग्रजीत काही विचारले, तिने मराठीत सांगितले, "काका, तो विचारतोय, ते गोल्डन पेंटिंग कोणाचं आहे? मॉडेल कोण होती?"

पहिल्या रांगेत हिरवी साडी नेसून बसलेल्या बाईकडे त्यांनी पाहिले. तीही उत्तराची वाट पाहत होती, इतरांसारखीच कुतूहलाने.

"कोणाचंच नाही," व्यंकोजी म्हणाले. "खाक्यावरून काढलेलं आहे."

मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. परंपरेबद्दल काहीतरी थोर बोलले गेले, असे त्यांना वाटले असावे.

परतताना रिक्षा गर्दीत थांबत थांबत चालली होती. रिचमंड रस्त्याच्या सिग्नलाशी सकवारबाई म्हणाल्या, "त्या मुलीला फसवलं कोणीतरी. सगळं जोडलेलं नाही. माझं आलंच नाही की."

व्यंकोजी इथेही गप्प राहू शकले असते. पुन्हा एकदा 'कापलं असेल' म्हटले असते आणि ते खपलेही असते. पण त्या खोट्याला आता कसलीच सबब उरली नव्हती.

"आलं," ते म्हणाले. "सगळे हसले, ते तुझं होतं. कापलं नव्हतं कधी. मी खोटं सांगितलं तुला."

सकवारबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. खोटे बोलल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. त्या काहीतरी आठवून, जुळवून पाहत होत्या आणि ते जुळत नव्हते.

"ती बाहुली?"

"हो."

सिग्नल सुटला. रिक्षा पुढे गेली, पुन्हा थांबली. फूटपाथवर एक बाई फणसाचे गरे सोलत बसली होती. सकवारबाई बराच वेळ तिच्या हातांकडे पाहत राहिल्या.

"अकरा दिवस बसले होते मी," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मग तुम्ही बघत काय होता?"

चिकपेटेत रिक्षा थांबली तेव्हा व्यंकोजी पैसे मोजू लागले. रिक्षातून उतरल्यावर सकवारबाई पुढे चालू लागल्या. जिन्यावर शकुंतलाबाई भेटल्या. "काय अक्का, दिसलीस का?"

"नाही," सकवारबाई म्हणाल्या. "माझं नव्हतंच त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकोजींनी स्टूल घेऊन माळ्यावरची पत्र्याची नळी काढली. कागद पिवळा पडला होता पण फाटला नव्हता. तो त्यांनी खिडकीशी उजेडात धरला. प्रत्येक भोकातून उजेड आला आणि तो चेहरा दिसू लागला. कानापर्यंत डोळे, दोन सारख्या भुवया. त्यांनी डोळे मिटून त्या खिडकीत बसलेली बावीस वर्षांची मुलगी आठवायचा प्रयत्न केला. हिरवी साडी आठवली. निऱ्या सात होत्या, हेही आठवले. वर, मानेच्या वर, पुन्हा तेच ठिपके आले.

सकवारबाई ताट घेऊन आल्या. खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. डावी भुवई मधेच तुटलेली होती. आडवी, बोटभर, पांढरी पडलेली जुनी खूण.

"ही कधीची?" व्यंकोजींनी विचारले.

सकवारबाईंनी ताट खाली ठेवले. भाताला वाफ येत होती.

"लग्नाआधीची. हौदाच्या काठावर पडले होते," त्या म्हणाल्या. "बघायला आल्या होत्या तेव्हा तुमच्या आईंनी विचारलं होतं."